झाकणावरची डाळ

सकाळी नऊ वाजता सुलोचनाबाईंनी लॅपटॉप उघडला तेव्हा कोपऱ्यात ब्याऐंशी टक्के होते, आणि काल दुपारी बाराला तो बंद केला तेव्हा शंभर होते. शंभर त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. नुसते पाहिले नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरात कालच्या चौकोनात बारीक पेन्सिलीनं लिहूनही ठेवले होते, कारण परवाही असंच झालं होतं आणि त्याच्या आदल्या दिवशीही. बंद म्हणजे अगदी बंद. झाकण मिटलेलं, चार्जर काढून वायर गुंडाळलेली, खोलीतला पंखासुद्धा बंद. मग अठरा टक्के गेले कुठे? दूध कमी झालं तर मांजर आली म्हणता येतं, पण बॅटरीला काही मांजर तोंड लावत नाही. सुलोचनाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच. आणि मग, मनात काही ठरवलेलं नसताना, त्यांची नजर आपसूक दाराबाहेर गेली, तिथून अंगणातल्या तारेवर वाळणाऱ्या पांढऱ्या गणवेशावर जाऊन थांबली. तो गणवेश रुपाचा. नजर कुठे गेली हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचाच राग आला, पण एकदा तिकडे गेलेली नजर काही परत घेता येत नाही. घरात माणसं दोनच. एक मी, एक ती. मी तर उघडला नाही.

सुलोचनाबाई एकसष्ट वर्षांच्या. वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत तीस वर्षं पुस्तकं लावली, निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगा प्रफुल पुण्याला. वर्ध्याजवळ सावंगीला मेडिकल कॉलेजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, आणि उद्योग म्हणाल तर डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणाऱ्या पोरापोरींचे प्रबंध नीट बसवून देणं. कोष्टकं सरळ करायची, पानांचे आकडे जुळवायचे, अनुक्रमणिका लावायची. काम चोख, बोलणं त्याहून चोख, त्यामुळे पोरं त्यांना थोडी घाबरून असत आणि तरी त्यांच्याकडेच येत. सध्या प्रेरणा नावाच्या मुलीचा प्रबंध हातात होता, अंगात रक्त कमी असलेल्या गरोदर बायकांवरचा. तीन वर्षांची मेहनत. देताना पोरगी म्हणाली होती, "काकू, जमा होईपर्यंत कोणाच्या नजरेस पडू देऊ नका." सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या, माझ्याकडून आजवर चिटोरं बाहेर गेलं नाही. आणि आता घरातल्या घरात, बंद असलेल्या यंत्रातून रोज काहीतरी जात होतं.

रुपा त्यांच्याकडे दीड वर्षापासून होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि परीक्षा बारा दिवसांवर. ती कशी आली ते सांगितलं पाहिजे, कारण तिला आणलं सुलोचनाबाईंनीच. दवाखान्यात डोळे तपासायला गेल्या असताना बाकावर शेजारी एक म्हातारी बसली होती, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, सोबत मुलगा रोशन आणि ही नात. म्हातारीनं उघड्या डोळ्यानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आंजीच्या शेठची सुलू ना तू?" आवाजावरून सुलोचनाबाईंना ओळख पटली. रामबाई. वडिलांच्या गिरणीतली, पन्नास वर्षांनी. पोरीला नर्सिंगला नंबर लागलाय, राहायची सोय नाही, असं रोशन सांगत होता, आणि दहा मिनिटांच्या आत सुलोचनाबाई बोलून गेल्या होत्या की माझ्याकडे राहू दे, भाडं नको, मला सोबत पाहिजे. घरी येताना रिक्षात त्या स्वतःवरच चकित झाल्या होत्या. तशा त्या कोणाला सहजासहजी घरात घेणाऱ्या नव्हत्या. पण पोरगी आली आणि रुळली. सकाळी सात ते दोन ड्यूटी, मग घरी. केसांना तेल लावून देई, बीपी पाही, पोळ्या पातळ लाटी. रुपा आल्यापासून सुलोचनाबाईंना जेवण गोड लागत होतं, हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पण होतं तसं.

आणि म्हणूनच त्या अठरा टक्क्यांनी जीव खाल्ला. परक्या माणसावर संशय आला तर माणूस कुलूप लावून मोकळा होतो. त्यांनी प्रफुलला फोन केला. तो म्हणाला, "आई, बॅटरी जुनी झाली असेल. चार्जर काढून ठेवतेस ना?" ठेवते म्हणाल्या. मग आवाज खाली करून विचारलं, दुसरं कोणी उघडत असेल तर कळतं का रे? प्रफुल हसला. "तुझ्या लॅपटॉपमध्ये आहे काय कोणी उघडायला?" हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग तोच म्हणाला, की आत सगळी नोंद असते, कधी चालू झाला, कधी बंद झाला, वर्ध्याला कोणाकडून तरी काढून घे. ही नोंदीची गोष्ट त्यांच्या मनात खिळ्यासारखी बसली. तोवर मात्र त्यांनी आपल्या परीनं पाहायचं ठरवलं. दुपारी चार ते साडेपाच त्या भजनाला जात, तेवढा वेळ रुपा घरात एकटी. भजनातून पाय उचलत परतू लागल्या. आल्याबरोबर चपला काढायच्या आधी लॅपटॉप उघडून आकडा पाहायचा. कधी पंच्याण्णव, कधी त्र्याण्णव. म्हणजे चार ते साडेपाचमध्ये काहीतरी होतंय. एकदा झाकणावर तळवा ठेवला तर झाकण कोमट. ताप पाहावा तसा त्यांनी हात पालथा करून पुन्हा पाहिला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरळ टेबलावर येत होतं, ते दिसत असूनही त्यांना पटलं नाही. बरं, रात्री तर लॅपटॉप त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच उशाशी, तरी सकाळपर्यंत आणखी दहा-बारा उतरलेले. मग त्यांच्या लक्षात आलं, की पहाटे रुपा अभ्यासाला उठते आणि पावणेसहा ते साडेसहा आपण देवापुढे डोळे मिटून बसलेल्या असतो. पूजेत मन लागेना. घंटा वाजवताना एक कान मागे. असं सगळं बसवत नेलं की बसत जातं. माऊस डाव्या बाजूला होता तो उजवीकडे कसा, खुर्ची इतकी आत कोणी सरकवली, टेबलावर कालची धूळ आज का नाही.

तेव्हा त्यांनी खूण ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन डब्यातून तुरीच्या डाळीचा एक दाणा आणला आणि मिटलेल्या झाकणावर, उजव्या कोपऱ्यात, कंपनीच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर ठेवला. सपाट बाजू खाली, फुगीर वर. कोणी झाकण उचललं की दाणा घरंगळणार. आपण हे कुठून शिकलो असं त्यांना वाटलंसुद्धा नाही, बोटांनीच केलं ते. मग हात धुताना आठवलं. आंजीला त्यांच्या वडिलांची डाळ भरडायची गिरणी होती. पलीकडच्या खोलीत चाकी, अलीकडे गोदाम, आणि गोदामात भरडलेल्या डाळीचा पुरुषभर उंच ढीग, तेलापाण्याचा हात दिल्यामुळे चकाकणारा. दिवेलागणीला वडील त्या ढिगात कमरेच्या उंचीवर उजव्या हाताची पाच बोटं रुतवत, वर चिमूटभर राख टाकत आणि दाराला कुलूप घालत. सकाळी आत पहिला पाय सुलूचा. वय वर्षं नऊ. लहान लेकराच्या डोळ्याला खोटं दिसत नाही असं वडील म्हणत, आणि तिला त्याचा कोण अभिमान. फ्रॉक सावरत जायची, खड्डे मोजायची, ओरडून सांगायची, पाच. वडील म्हणत, शाबास. मग बायका चाळायला, पाखडायला बसत. त्यांच्यात रामबाई. रामबाईचा नवरा गोमाजी तिथंच हमाल. रामबाईच्या पदराला गोवरीच्या धुराचा वास येई आणि ती सुलूसाठी डाळीतले गुलाबी खडे वेगळे काढून ठेवी. एका सकाळी सुलूनं मोजले तर चारच. अंगठ्याचा खड्डा नव्हता, तिथं सपाट होतं आणि राख खाली ओघळली होती. तिनं पुन्हा मोजले. चार. ती दारात येऊन म्हणाली, बाबूजी, चार आहेत. आदल्या संध्याकाळी बोटं रुतवून झाल्यावर, झाडून घेऊन शेवटी गोदामातून निघाली होती रामबाई. वडील तिच्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, उद्यापासून तू येऊ नको. गोमाजीला मात्र ठेवलं, त्याच्यासारखी पाठ आंजीत दुसरी नव्हती. रामबाईनं सूप झटकलं, भिंतीला टेकवून ठेवलं, जाताना सुलूकडे पाहिलं. ती नजर रागाची असती तर सुलोचनाबाई केव्हाच विसरून गेल्या असत्या. ती नजर विचारत होती, नीट मोजलं का गं तू?

दुसऱ्या दिवशी दाणा जागच्या जागी होता. आकडा शहाऐंशी. तिसऱ्या दिवशी दाणा जागच्या जागी, सपाट बाजू खाली. आकडा ब्याऐंशी. सुलोचनाबाई खुर्चीत बसून त्या दाण्याकडे पाहत राहिल्या. दुसरं कोणी असतं तर सुटला असता जीव, की चला, कोणी हात लावत नाही. पण यांचं मन उलटं चाललं. दाणा हलत नाही आणि बॅटरी उतरते, म्हणजे जो उघडतो तो दाणा परत ठेवतो. आणि अक्षरावर, सपाट बाजू खाली, असा परत ठेवायचा तर ही खूण आहे हे त्याला आधी कळलं पाहिजे. डाळीचा एक दाणा पाहून ही खूण आहे असं कोणाला कळेल? ज्यानं आमच्या घरच्या खुणांचं ऐकलंय त्याला. दीड वर्षात रुपा त्या जुन्या गोष्टीबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. का नव्हती बोलली? आजीनं सांगितलं नसेल असं कसं होईल? मग सगळं माहीत असून ही पोरगी माझ्या डोक्याला तेल लावते, माझा हात हातात घेऊन बीपी पाहते, तेव्हा तिच्या मनात काय असतं?

त्याच संध्याकाळी रुपा अंगणात फोनवर आजीशी बोलत होती. घरच्यांशी ती गोंडीत बोलायची. सुलोचनाबाईंना त्यातलं एक अक्षर कळत नसे, पण आजवर ते ऐकायला त्यांना बरं वाटायचं, शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असावा तसं. आज त्या दाराआड उभ्या राहिल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दाराआड, श्वास धरून. न कळणाऱ्या बोलण्यातून 'काकू' हा शब्द दोनदा आला. मग 'लॅपटॉप'. मग रुपा थांबली, पलीकडून म्हातारीचं हसू आलं, फोन कानाला असूनही इकडे ऐकू येण्याइतकं मोठं, आणि मग रुपाही हसली, पण उशिरा आणि थोडंसंच. सुलोचनाबाईंचे कान तापले. चहाच्या वेळी त्यांनी बशीत चहा ओतता ओतता विचारलं, "रुपा, माह्या टेबलापाशी बसते का गं तू कधी?"

"नाई काकू. पुसतो फक्त रोज. रोडाचं काम चालू आहे तं धूळ लय येते."

"रोज पुसते?"

"हो. काऊन?"

"काई नाई. असंच विचारलं." सुलोचनाबाईंनी बशी तोंडाला लावली. रोज पुसते. आणि दाणा हलत नाही. पोरीनं आपल्या तोंडानं सांगून टाकलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, मोठे मोठे डोळे तेवढे. इतकं साफ तोंड ठेवायला शिकवलं कोणी हिला? रुपानं त्यांचा रिकामा कप उचलला, आत नेला, विसळला, पालथा घातला. पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि सुलोचनाबाई मनात रोशनला सांगायचं वाक्य जुळवत होत्या. शनिवारी वर्ध्याला जायचं, ती नोंद काढून घ्यायची. नोंदीत दुपारचं उघडणं निघालं, की रोशनला फोन. रोशन, पोरीले घेऊन जा. कारण विचारू नको. तोंडावर आलेली परीक्षा, खोली कुठून मिळणार, हे सगळं त्यांना दिसत होतं. आणि त्यामागे दुसरंही दिसत होतं, की एकदा ती गेली की पुन्हा पोळ्या आपल्यालाच लाटायच्या आणि त्या आपल्यालाच खायच्या. तरी वाक्य जुळत गेलं.

शनिवारी सकाळी त्यांनी लॅपटॉप कापडी पिशवीत घातला. घालताना दाणा नखानं उडवून दिला, तो कुठं पडला ते पाहिलं नाही. रुपाला त्या दिवशी अर्धी ड्यूटी होती. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या चंद्रभानचं दुकान वर्ध्याच्या बसस्टँडच्या मागे, जिन्यावर. माणूस पन्नाशीचा, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, कपाळावर अजून ते घड्याळजीचं भिंग. त्यानं लॅपटॉप उलटा करून पाहिला, कानाशी नेला, टेबलावर ठेवला आणि काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ टाइप केली. नोंद आली, तारखेवार, लांबलचक. सुलोचनाबाई पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"हे पाहा मॅडम," चंद्रभान म्हणाला, "रोज नऊ ते बारा चालू. हे तुमचं काम, बरोबर? अन् हे पाहा. रोज संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास. तीन मिनिटं, चार मिनिटं. मंग बंद. हे कोण चालू करून राह्यलं?"

सापडलं. त्या क्षणी सुलोचनाबाईंना आनंद झाला. नंतर त्यांना या आनंदाची फार शरम वाटली, पण झाला तो आनंदच होता, छाती भरून, ओरडून पाच म्हणावं तसा. बरोबर होते मी. माझे डोळे कधी चुकत नाहीत. मग पावणेसहा हा आकडा हळूहळू आत उतरला. साडेपाचला भजन सुटतं. चालत दहा-बारा मिनिटं. दार, ओसरी, चपला पायातच, आणि हात झाकणावर. त्यांनी विचारलं, "चार ते साडेपाचमंदी काई?" चंद्रभाननं बोट फिरवलं. काहीच नाही. "सकाळी सहाच्या सुमारास?" काहीच नाही. "पूर्ण महिनाभर पाहा." तो महिनाभर पाहत गेला. सकाळचं काम आणि पावणेसहाची ती तीन मिनिटं, तीही गेल्या आठवड्यापासूनची. त्याशिवाय कोणी, कधीही, त्यांचा लॅपटॉप उघडलेला नव्हता.

"तं मंग उतरते काऊन?" त्यांनी विचारलं. आवाज आपला नाही असं त्यांना वाटलं.

"बंद केलं म्हणजे बंद होते असं थोडी आहे मॅडम. याच्यात एक सेटिंग असते, बंद केल्यावरई थोडं जागं राह्यते, दुसऱ्या दिवशी लवकर चालू व्हावं म्हणून. ते काढून टाकतो मी. अन् हे काय आहे?" त्यानं बाजूच्या खाचेत खोचलेलं, बिनवायरच्या माऊसला जोडणारं बारकं बटण नखानं दाखवलं. "हे काढत नाई का तुमी? या खाचेजवळ पाहा, विजेची खूण काढली आहे. याच्यातून बंद असतानाई करंट जाते. चोवीस तास हे बटन पीत बसते. बॅटरी जुनी आहे, तं लवकर खाली येते. घरी गेल्यावर काढून डबीत ठेवत जाजो."

"ते लहान आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. "काढून ठेवलं अन् कोणी नेलं तं?"

चंद्रभाननं भिंगाखालून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बटन कोण नेते मॅडम?" मग तो पेचकस घेऊन मागचं झाकण खोलू लागला, आत धूळ आहे म्हणून. शेजारच्या दुकानात कसलंसं मशीन सुरू झालं आणि लाकडी टेबल थरथरू लागलं. टेबलाच्या कडेला बशीत लहान लहान स्क्रू ढीग करून ठेवले होते. ते हलले, आणि एका बाजूनं सुर्र करून चारदोन खाली सरकले. कोणी हात लावला नव्हता. सुलोचनाबाई त्या बशीकडे पाहत राहिल्या. तो आवाज त्यांना ठाऊक होता. गिरणीत दुपारी सगळी माणसं जेवायला गेली की त्या गोदामात जाऊन बसायच्या, थंड वाटायचं म्हणून. पलीकडे चाकी चालू असायची आणि भिंत तळव्याला गुदगुल्या करायची. आणि मधूनच, कोणी जवळ नसताना, ढिगाचा एक पदर सुटायचा आणि सुर्र करून खाली यायचा. त्यांना ते पाहायला आवडायचं. त्यासाठीच तर बसायच्या. त्या सकाळीही सुलू गोदामात शिरायच्या आधी चाकी सुरू झालेली होती, लग्नसराई होती, गिऱ्हाईक पहाटेपासून बसलं होतं. सगळं ठाऊक होतं. ढीग आपला आपण घसरतो हे अख्ख्या घरात जर कोणाला ठाऊक असेल तर ते सुलूला. आणि सुलूनं दारात येऊन सांगितलं, चार आहेत. खोटं नव्हतं ते. चारच होते.

बावन्न वर्षं त्यांनी ती गोष्ट अशी धरली होती, की चोर दुसरा कोणी असेल आणि भोवलं बिचाऱ्या रामबाईला. चोरच नव्हता हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. खूण मोडली म्हणजे कोणीतरी मोडली, इतकं ते त्यांच्या हाडात बसलं होतं. परतीच्या रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन त्या बसल्या, शेजारची बाई काही विचारत होती, त्यांनी हो म्हटलं आणि कशाला हो म्हटलं ते कळलं नाही. एकच जपत होत्या, की रोशनला फोन केला नाही. थोडक्यात वाचलं. पोरीला काही कळलं नाही. आता घरी जायचं, बटण डबीत ठेवायचं, आणि आज पोळ्या आपण करायच्या.

रुपा घरी आली होती. आत ओट्यापाशी तिची हालचाल ऐकू येत होती. सुलोचनाबाई पिशवी घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि टेबलापाशी थांबल्या. टेबल रिकामं होतं, पुसून लख्ख केलेलं. आणि त्या रिकाम्या टेबलावर, उजवीकडे, लॅपटॉप ठेवलेला असता तर जिथं त्याच्या झाकणाचा कोपरा आला असता बरोबर तिथं, तुरीच्या डाळीचा एक दाणा होता. सपाट बाजू खाली.

"तुमची दाळ खाली पडली होती काकू," रुपा दारात येऊन म्हणाली, हात पुसत. "झाडताना दिसली. जागेवर ठेवली."

सुलोचनाबाई खुर्चीत बसल्या. "तुले माहीत होतं?"

"पैल्या दिवसापासून. पुसाच्या आधी उचलतो, मंग होती तशी ठेवतो."

"काऊन पण? मले विचारलं काऊन नाई?"

"आजीनं सांगतलं होतं इथं येताना. म्हणे, शेठच्या घरी कशाले ना कशाले खूण असते. हात लावू नको. अन् लागलाच तं जशी होती तशी ठेवजो." रुपा हे चिडून बोलत नव्हती. पेशंटला गोळी कशी द्यायची ते सांगावं तशी सांगत होती. "पैले दोन दिवस रडली मी. मंग आजीले फोन केला. ते हासली. म्हणे, अजून तेच का."

सुलोचनाबाईंनी तो दाणा उचलला आणि मुठीत धरला. आता सांगितलं नाही तर पुन्हा कधी सांगणार नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्या वर न पाहता बोलत गेल्या. लॅपटॉप कोणी उघडत नव्हतं, तो आपोआप उतरत होता. आणि ती डाळही आपोआपच घसरली होती. चाकी चालली की ढीग घसरायचा. मी रोज पाहत होते. त्या दिवशी बोटं मोजणारी मीच. चार म्हणणारी मीच. "कोणी नेली नव्हती गं," त्या म्हणाल्या. "चिमूटभर पण कोणी नेली नव्हती."

रुपा दारातच उभी होती. पुसता पुसता तिचे हात थांबले होते. "आजोबानं पण नाई?"

"गोमाजीनं? त्याचा काय संबंध?"

"मागच्या दाराची चाबी त्यायच्यापाशी राहे. शेठनं आजीले काढलं अन् त्यायले ठेवलं. तं आजी म्हणे, यानंच नेली अन् माह्यावर येऊ देली. ते शपथा घेत, आजी आयकत नसे." "आमच्या घरी दाळ शिजली ना काकू, तं आजी साऱ्यायले वाढे. आजोबाले नाई. मी लहान होती तवापासून पाह्यलं. त्यायच्या ताटात भाकर अन् चटणी. ते मांगत पण नव्हते. मरेपर्यंत नाई खाल्ली त्यायनं घरची दाळ."

बाहेर रस्त्यावर खडी दाबणारं यंत्र गेलं आणि खिडकीची तावदानं वाजली. सुलोचनाबाईंना वाटलं, आता ही पोरगी जाईल, आणि गेली तर बरोबरच आहे. रुपा गेली नाही. तिनं गाऊनच्या खिशातून फोन काढला, नंबर लावला, गोंडीत दोन वाक्यं बोलली आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "तुमी सांगा. माह्यं नाई पटाचं तिले."

सुलोचनाबाईंनी फोन कानाला लावला. दुसऱ्या हाताच्या मुठीत दाणा होता, तो घामानं तळव्याला चिकटला होता. पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या, कोणीतरी त्यांना हाकलत होतं, मग म्हातारा श्वास जवळ आला.

"कोन?"

"रामबाई, मी. आंजीची सुलू."

रामबाईनं आवाज जपून, अगदी हळू विचारलं, "काय गेलं बाई तुमचं?"